लॉक दिसलं म्हणजे समोरचा खरा, असं नाही

कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात एकच मेसेज चार जणांनी टाकला. "ठाणे स्टेशनच्या फुकट वायफायवर बँकेचं ॲप उघडू नका, शेजारी बसलेला हॅकर पासवर्ड वाचतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन ही थाप आहे. लॉकचं चिन्ह असेल तिथे मात्र बिनधास्त पैसे भरा." यातली भीती चुकीच्या जागी आहे, आणि भरवसा त्याहून चुकीच्या.

आधी वायफाय. तुमचा पासवर्ड फलाटावरच्या हवेतून उघडा जात नाही. फोन आणि बँकेचा सर्व्हर मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात, आणि ती किल्ली कुणीच कुणाला पाठवत नाही. अशक्य वाटतं ना? कागद घ्या. 5 आणि 23 हे आकडे सगळ्यांना माहीत. फोनने मनात 3 धरला: 5 चा घन 125, 23 ने भागून बाकी 10. सर्व्हरने 7 धरला: 5 चा सातवा घात 78125, बाकी 17. हवेतून गेले फक्त 10 आणि 17. आता फोन 17 चा घन करतो, 4913, बाकी 14. सर्व्हर 10 चा सातवा घात करतो, एक कोटी, बाकी तीच 14! ही 14 म्हणजेच ती किल्ली, पासवर्ड तिनेच कुलूपबंद होतो. शेजारच्याने 10 आणि 17 दोन्ही ऐकले, तरी 14 पाठवला गेलाच नाही. इतक्या लहान आकड्यांत तो शोधून काढेल. खरे आकडे शेकडो अंकी असले की नाही. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी 1976 मध्ये मांडलेली ही युक्ती मला आजही थक्क करते. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे शेजारच्याला कळू शकतं, तिथे काय टाइप केलंत ते नाही. फक्त ब्राउझरने "कनेक्शन खाजगी नाही" असं बजावलं, तर तिथूनच मागे फिरा.

आता एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मजकूर कुलूपबंद. व्हॉट्सॲपवर 2016 पासून मेसेजची किल्ली दोन्ही टोकांच्या फोनमध्येच असते. कोण कुणाशी कधी बोललं हे कंपनीला कळतं, मजकूर नाही. ही थाप नव्हे.

खरा घात लॉकवाल्या वाक्यात आहे. हे लॉक म्हणजे ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप. आमच्या मजल्यावरच्या काकांना "बिल अपडेट नाही, आज रात्री लाइट कापू" असा मेसेज आला. लिंक उघडली, दहा रुपये भरायला कार्डाचा नंबर टाकला, आलेला ओटीपीही दिला. खात्यातून मोठी रक्कम गेली. "अरे, लॉक बघूनच भरले मी," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. लॉक खरंच होतं. ते एवढंच सांगतं की वाटेत कुणी वाचत नाही आणि पलीकडे पत्त्यात लिहिलेलीच साइट आहे. तो पत्ता ठगाचा असेल, तर तुमचा नंबर सुरक्षितपणे ठगाकडेच पोचतो. हे लॉक ज्यावर मिळतं ते पत्त्याचं डिजिटल प्रमाणपत्र आज कुणालाही फुकट, काही मिनिटांत मिळतं. क्रोमने तर 2023 मध्ये पत्त्याशेजारचं लॉक काढूनच टाकलं.

म्हणून पत्ता वाचा, आणि मागून वाचा: साइटच्या नावानंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीचे शब्द मालक सांगतात, सुरुवातीचं ओळखीचं नाव नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये "डॉट बँक डॉट इन" हा शेवट ठरवून दिला आहे. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. काकांनी दुसऱ्या दिवशी केला.