आईचं नाव म्हणजे मातृसत्ता नव्हे

‘सातवाहन राजे आईचं नाव लावत, म्हणजे तिथे मातृसत्ता होती’ हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. गादी बापाच्या वंशातच राहायची. गौतमीपुत्र सातकर्णीनंतर राजा झाला तो त्याचा मुलगा पुळुमावी.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात मान दुखेपर्यंत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा प्राकृत शिलालेख मी अक्षरं लावत वाचलाय. पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. लेणं भिक्षुसंघाला दान देणारी ही राजमाता. तिचा अधिकार मोठाच. पण मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर, म्हणजे चार वर्णांची सरमिसळ, थांबवला, हे ती अभिमानाने कोरून घेते. आणि स्वतःची ओळख? सत्य, दान, क्षमा, अहिंसा, उपवास यांत रमलेली राजर्षीची, म्हणजे ऋषितुल्य राजाची, वधू! हे लेखात यायलाच हवं होतं.