२५२० ही संख्या रामानुजनांसाठी अडून राहिली नव्हती

“१ ते १० या सर्व संख्यांनी भाग जाणारी संख्या असूच शकत नाही, असे जगभरचे गणितज्ञ मानत होते, रामानुजन यांनी ती शोधली. ती २५२०, म्हणजे ७ वार × ३० दिवस × १२ महिने!” हा मजकूर अनेक वर्षे मोबाइलवर फिरतो आहे. आता तो केज तालुक्यातल्या माझ्या भाचीच्या शाळेत परिपाठाला वाचून दाखवला गेला आणि तिने तो वहीत उतरवून घेतला, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

यातले “असूच शकत नाही” हे सर्वांत संतापजनक आहे. १ ते १० या संख्यांचा नुसता गुणाकार केला तरी ३६,२८,८०० येतात आणि त्यांना या दहांपैकी प्रत्येकीने निःशेष भाग जातो. सर्वांत लहान संख्या हवी असेल तर लसावि काढावा. ८ घेतले की २ आणि ४ त्यात आले, ९ मध्ये ३ आले, ५ आणि ७ वेगळे घ्यावे लागतात, आणि ६ व १० यांचे अवयव तोवर हाताशी आलेलेच असतात; म्हणून ८ × ९ × ५ × ७ = २५२०. लसावि शिकलेल्या मुलाला जे पाटीवर जमते ते अशक्य होते असे त्यालाच सांगणे, हे त्याच्या हातातले गणित काढून घेण्यासारखे आहे. शिवाय प्लेटोने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी ‘लॉज’ या ग्रंथात नगरासाठी ५०४० ही कुटुंबसंख्या निवडली, ती १ ते १० या सर्वांनी विभागता येते हे सांगूनच. आणि ५०४० म्हणजे २५२० ची दुप्पट.

वार, दिवस आणि महिने यांचा गुणाकार बरोबर आहे आणि चांद्रमासात ३० तिथी असतात हेही खरे. पण वारांना दिवसांनी गुणून काळाचे कोणतेच माप मिळत नाही.

रामानुजन यांचा २५२० शी संबंध आहे, एवढे मान्य करावे लागेल. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक अधिक, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ निबंध लिहिला. ४८ विभाजक असलेली २५२० ही त्यांपैकीच एक, आणि तीही सुरुवातीची. त्यांची यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, जिचे विभाजक १०,०८० आहेत. संगणक नसताना केलेल्या या यादीतून एकच संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००. यादीतल्या त्या शेवटच्या संख्येला २३ ने भागले की नेमकी हीच मिळते.