तेल सुटेपर्यंत

शेंगदाण्याला तेल सुटू द्यायचं नाही, हा आमच्या घरातला जुना कायदा. मिक्सरवर कूट करणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोणीतरी उभं असतंच, आणि दोन गरके झाले की ओरडतं, "बास, बास! तेल सुटंल!" तेल सुटलेला कूट साबुदाण्याच्या खिचडीत गोळे धरतो, कोशिंबिरीत लगदा होऊन बसतो आणि ज्याने तो केला त्याचा उद्धार पुढच्या एकादशीपर्यंत चालू राहतो. बेळगाव घ्या, खानापूर घ्या, निपाणी-चिकोडीकडे जा. शेंगाचटणी, शेंगांची पोळी, भरलं वांगं, उपासाची आमटी यातलं काहीतरी कुठल्याही घरात शिजत असतंच. आणि कूट नेमका कुठं थांबवायचा, हे तिथल्या बायकांच्या मनगटाला ठाऊक असतं. पुरुषांना ओरडा खाऊन कळतं.

अशा घरात मी पीनट बटर करायला घेतलं. पीनट बटर म्हणजे तेल सुटल्यावरही थांबायचं नाही. त्याची सगळी कृती एवढीच आहे.

निमित्त आमच्या चिरंजीवांचं. त्यांनी जिम लावली. तिथल्या ट्रेनरने रोज दोन चमचे पीनट बटर खायला सांगितलं. हा ट्रेनर मी अजून पाहिलेला नाही, पण आमच्या घरात सध्या त्याचा शब्द पंचांगाच्या वर चालतो. पहिला डबा आला, तो मी उलटसुलट करून वाचला. शेंगदाणे, साखर, हायड्रोजनेटेड तेल, मीठ. तिसरं नाव भारदस्त असलं तरी ते आमच्या लहानपणीच्या वनस्पती तुपाच्या कुळातलंच. आणि किंमत अशी की तेवढ्यात रविवार पेठेतून दोन किलो शेंगदाणे येऊन वर रिक्षाचे पैसे सुटावेत. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिनं असतात आणि जवळजवळ निम्मं तेल. ते मूठभर दाणे चावून खाल्ले तरी मिळतं आणि गुळाचा खडा सोबत घेतला तर आनंदही मिळतो, असं मी चिरंजीवांना सांगितलं.

"पप्पा, पण ते क्रीमी असतं," ते म्हणाले.

शेंगदाणा इतका वाटायचा हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं, याची मी चौकशी केली. 1884 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन नावाच्या गृहस्थांनी शेंगदाण्याच्या अशा लगद्याचं पेटंट घेतलं. भाजलेले दाणे तापवलेल्या पृष्ठभागांमध्ये पातळ होईपर्यंत दळायचे, आणि थंड झाल्यावर ते लोण्यासारखं, चरबीसारखं किंवा मलमासारखं होतं, असं त्यांनी त्यात लिहून ठेवलंय. मलम! खायच्या वस्तूचं इतकं प्रामाणिक वर्णन आजकाल कोण करतं? पुढं कॉर्नफ्लेक्सवाल्या डॉक्टर केलॉगनी 1895 मध्ये आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या आरोग्यधामात मांस वर्ज्य होतं, तेव्हा रुग्णांच्या पोटात काहीतरी पौष्टिक जावं हा हेतू. ते दाणे भाजायचे नाहीत, उकडायचे. उकडलेल्या शेंगा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय, पण पेटंट कार्यालयात जावं असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. आम्ही फार तर शेजारी वाटीभर दिल्या.

रविवार पेठेतल्या दुकानदाराने विचारलं, "कशाला पाहिजे? चटणीला का उपासाला?" तिसरा वापर त्याच्या हिशेबात नव्हता. पावसाळी हवेत पीनट बटरचा खुलासा करत उभं राहण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी "चटणीला" म्हणून मोकळा झालो. घरी येऊन दाणे निवडले. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा एकटा अख्ख्या पोत्याला भारी पडतो. एक आत गेला की अख्खा घाणा कडू, आणि बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

बेळगावच्या पावसाळ्यात शेंगदाणे सादळतात. इथला पाऊस एकदाचा कोसळून मोकळा होत नाही. तो दिवसभर भुरभुरत राहतो आणि डब्यात, कपाटात, पापडात, माणसांच्या स्वभावात मुरतो. सादळलेला दाणा बारीक आचेवर भाजावा लागतो, नाहीतर बाहेरून डागतो आणि आत कच्चा राहतो. पीनट बटरला तर आतला ओलावा गेलेलाच हवा. मी जाड बुडाची कढई घेतली आणि हलवत राहिलो. आधी नुसताच उष्ण वास, मग तडतड, मग दाण्याच्या गुलाबी सालीवर तपकिरी छटा. एक दाणा उचलून चिमटीत चोळला की साल सुटून बोटाला चिकटते, दाण्याचे दोन भाग होतात आणि मधला तो बारीक टोकदार कोंब खाली पडतो. तो कोंब थोडा कडू असतो म्हणून मी एकेक काढून बाजूला ठेवू लागलो. बायकोने वाटीतला ढीग बघितला, घड्याळ बघितलं आणि काही न बोलता चहा टाकला.

सालं पाखडायला सूप घेऊन गॅलरीत गेलो. पाखडणं ही कला आहे आणि तिला वाऱ्याची साथ लागते. वारा पश्चिमेचा होता. शेजारच्या अक्कांनी पावसाची उघडीप बघून दोरीवर पांढरे शुभ्र टॉवेल घातले होते. यापुढचं सांगत नाही.

मिक्सर बायकोच्या माहेरचा आहे. त्यामुळे त्याचा आवाज जरा वर गेला तरी तो दोन घराण्यांचा प्रश्न होतो. पहिल्या काही सेकंदांत दाण्यांचा छान मोकळा कूट झाला. कायद्याप्रमाणे इथं थांबायचं. मी थांबलो नाही. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "बास की रे! किती फिरवूलास? तेल सुटंल!"

"सुटायलाच पाहिजे!" मी ओरडलो.

घरात एकदम शांतता पसरली. आमच्या घराण्यात हे वाक्य याआधी उच्चारलं गेलेलं नसावं.

पुढं कूट भांड्याच्या भिंतीला जाऊन बसला. मधे पोकळी, पोकळीत पातं नुसतंच गरगरतंय, आवाज मोठा आणि काम शून्य. झाकण काढायचं, चमच्याने भिंतीवरचं खरवडून मधे ढकलायचं, झाकण दाबून धरायचं, फिरवायचं. परत सगळं भिंतीला. मग गठ्ठे धरू लागले. मग सगळ्याचा मिळून एक गोळा झाला आणि तो गोळा भांड्यात धाडधाड आपटू लागला. आता हा कूटही नव्हता आणि लोणीही नव्हतं. आमच्याकडं एक सीमाप्रश्न 1956 पासून चालू आहे, त्यासाठी महाजन आयोगही बसून गेला. कूट कुठं संपतो आणि लोणी कुठं सुरू होतं, हा दुसरा सीमाप्रश्न त्या दिवशी आमच्या ओट्यावर उभा राहिला, आणि इथंही प्रत्येक पक्षाला आपलंच म्हणणं न्याय्य वाटत होतं.

खरं शास्त्र असं आहे की शेंगदाण्यातलं तेल दाण्याच्या पेशीपेशीत कोंडलेलं असतं. पेशी फुटू लागल्या की आधी ते थोडं थोडं सुटतं आणि पिठाला ओलं करून चिकटवतं, म्हणून गोळा. आणखी बारीक वाटलं, भांडं गरम झालं, की तेल आणखी मोकळं होतं. पिठाचे कण तेलात तरंगायला लागतात आणि सगळं एकदम सैल पडतं. म्हणजे ते घट्ट होणं हीच पातळ होण्याच्या आधीची पायरी. हे मी बायकोला नीट समजावून सांगितलं.

"अहो, मला काय सांगताय, मिक्सरला समजवा," ती म्हणाली.

मिक्सर तेवढ्यात बंद पडला. जळका वास आला, पण धूर नव्हता. मी मिक्सर आडवा करून तळाचं लाल बटण दाखवलं. मोटारीवर ताण आला की ते आपोआप बाहेर येतं, थंड झाल्यावर दाबायचं, मिक्सर पुन्हा सुरू. ही सोय कंपनीने अशाच प्रसंगासाठी दिलेली आहे, असं मी म्हणालो. "माझ्या आईने चटणीसाठी दिला होता," ती म्हणाली.

मोटार थंड होईपर्यंत सल्ल्यांचा पाऊस. बायकोचं म्हणणं, चार चमचे पाणी घाला, वाटण सरसर फिरेल. ओल्या खोबऱ्याच्या चटणीला ते ठीक, पण इथं पाण्याचा थेंब गेला की पिठाचे कण पाणी धरून एकमेकांना मिठ्या मारतात आणि लगदा होता त्याहून घट्ट बसतो, शिवाय टिकत नाही. पाणी मी ठामपणे फेटाळलं. आई शेंगतेलाची बुधली घेऊन आली. "एक पळी घाल आणि मोकळा हो." शेंगदाण्यातून शेंगदाण्याचं तेल काढण्यासाठी वरून शेंगदाण्याचं तेल घालायचं! चमचाभर घातलं तर काही बिघडत नाही, पुष्कळ लोक घालतात. पण आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता.

मग शेजारच्या अक्का आल्या. टॉवेलांबद्दल आल्या असाव्यात, पण ओट्यावरचा देखावा बघून तो विषय त्यांच्या डोक्यातून गेला. "एन माडाकत्तीरि?" काय चाललंय, असं त्यांनी कानडीत विचारलं. मी भांडं पुढं केलं. त्यांनी वाकून वास घेतला, चेहरा उजळला आणि लगेच काळजीत पडला. "बळ्ळोळ्ळी हाकिल्लेन्री?" मी नाही म्हटलं. लसूण घालायचा नाही, तिखट नाही, जिरं नाही. अक्कांनी आईकडं बघितलं. आईने मान हलवली. घरातल्या कर्त्या माणसाचं असं काही झालं की बायका ज्या नजरेने एकमेकींकडं बघतात, ती नजर मराठी-कानडी दोन्हीत सारखीच असते. पाच मिनिटांत अक्का सोललेल्या लसणाची वाटी घेऊन परत आल्या आणि "ऱ्हाऊ दे, लागंल" म्हणून ओट्यावर ठेवून गेल्या.

लाल बटण दाबलं तेव्हा वीज गेली होती. पाऊस आणि वीज यांचं आमच्याकडं एकत्र जमत नाही.

अंधारात आईला माहेर आठवलं. हुक्केरीकडं शेंगा काढल्या की अंगणात ढीग पडायचा, संध्याकाळी भाजायच्या, आणि उखळात मिठा-तिखटाबरोबर मुसळाने कुटायच्या. "अशी चटणी व्हायची, हाताला तेल लागायचं बघ," ती म्हणाली.

"म्हणजे तेल सुटलेलं चालत होतं!" मी संधी साधली.

"ते कुटून सुटूलतं. हे तू छळून काढूलास."

कायद्याला पोटकलमं असतात हे मला वकिलाशिवाय कळलं.

वीज आली. गोळा अजून कोमट होता. मी थोडं फिरवायचो, थांबायचो, खरवडायचो, पुन्हा फिरवायचो. आणि मग आवाज बदलला. आपटणं थांबलं, घरघर खाली उतरली आणि एक गुळगुळीत, ओली गुणगुण सुरू झाली. झाकण काढलं तर आत चकचकीत, बदामी, वाहतं काहीतरी संथपणे वळण घेत होतं. चमचा बुडवून वर धरला. धार तुटली नाही. मी सगळ्यांना हाका मारल्या. मीठ घातलं, गुळाची बारीक पूड घातली आणि वाट्या भरल्या.

चिरंजीवांनी चाटून पाहिलं. "थोडं ग्रेनी आहे. पण चालेल." ज्याचा बाप अर्धा दिवस मिक्सरच्या झाकणावर हात ठेवून उभा होता, त्याने "चालेल" म्हटलं. बायकोने दुसऱ्यांदा घेतलं, आणि तिने दुसऱ्यांदा घेणं हा आमच्याकडं अंतिम निकाल असतो. आईने जिभेवर ठेवलं, विचार केला आणि म्हणाली, "तिखट नाही, लसूण नाही. आजारी माणसाला बरं." डॉक्टर केलॉग हेच ऐकायला तरसले असते.

बरणी भरून ठेवली. दोन दिवसांनी उघडली तर वर बोटभर सोनेरी तेल आणि खाली बसलेला गाळ. हे होतंच, कण जड, तेल हलकं. ते खालपर्यंत ढवळून एकजीव करायचं असतं. कारखानदारांनाही याने रडवलं होतं. 1922 च्या सुमारास जोसेफ रोझफील्ड नावाच्या अमेरिकन माणसाने तेलाचा काही भाग हायड्रोजनेशनने घट्ट करून ते वर येणं थांबवलं, तेव्हा कुठं बरण्या महिनोन्‌महिने दुकानात बसू लागल्या. डब्यावरच्या त्या भारदस्त नावाचं काम ते. माझ्याकडं रोझफील्ड नव्हता. मी चमचा आणायला गेलो, आणि परत येईपर्यंत आईने वरचं तेल वाटीत ओतून घेऊन आमटीला फोडणी दिली होती.

"झकास तेल निघालंय," ती म्हणाली. "घाण्याचं असतंय तसं."

बरणीत जे उरलं त्यात चमचा उभा राहिला. चिरंजीवांनी सुरी आणली, मग चाकू, मग ते नवा डबा आणायला गेले. बायकोने त्यातला एक तुकडा खणून काढला, गरम पाण्यात विरघळवला (आता पाणी चालतं), अक्कांचा लसूण ठेचून घातला आणि भरल्या वांग्यांच्या रश्शात सोडला. रस्सा असा दाट आणि मखमली झाला की अक्कांकडं वाटी गेल्यावर त्या स्वतः विचारायला आल्या, यात काय घातलंय. बायकोने "शेंगाकूट" सांगितलं. माझं नाव निघालं नाही.

दुसऱ्या खेपेला मी बरणी झाकणावर उलटी ठेवायला लागलो. उलट्या बरणीत तेल वर चढताना सगळ्या गाळातून जातं, आणि उघडताना ते तळाशी असतं. ओतून घ्यायला कोणाला सापडत नाही. आई येता-जाता ती बघते, "झाकणावर ठेवतंय का कोण" म्हणते आणि सुलटी करते. मी पुन्हा उलटी करतो. आत्ता लिहितोय तेव्हा बरणी उलटी आहे. सोमवार आहे, आई कपिलेश्वराला गेली आहे.