चॅटबॉट असताना डॉक्टर-वकील कशाला? एका फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘चॅटबॉटने सगळं इंटरनेट वाचलंय, तो चुकत नाही. डॉक्टर-वकिलांवर पैसे घालवू नका. तो फुकट आहे, आपलं बोलणं कुणाला सांगत नाही आणि घरच्यांपेक्षा जास्त समजून घेतो.’ मी स्वतः चॅटबॉट वापरते. अर्जाचा मसुदा, मुलीचं गणित, सरकारी परिपत्रकाचा अर्थ, यात त्याची खरी मदत होते. म्हणूनच या मेसेजला उत्तर द्यावंसं वाटलं.

‘चुकत नाही’ हे सपशेल खोटं आहे. कोणत्या शब्दांमागे कोणते शब्द येतात, हे चॅटबॉट अफाट मजकुरावरून शिकलेला असतो आणि त्या अंदाजाने वाक्यं रचतो. त्यामुळे माहिती नसली तरी वाक्य तितक्याच ठामपणे समोर येतं. वेबवर शोध घेणारे चॅटबॉट यात थोडे बरे, पण सापडलेल्या पानाचा अर्थ तेही चुकीचा लावू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीचं उत्पन्न सुमारे २७.९ कोटी रुपये ठरवणारा आयकराचा आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात यंत्राने पुढे केलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नका, आधी पडताळून घ्या, असं न्यायालयाने बजावलं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असेच बनावट खटले सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. त्यातल्या एकाने ‘हा खटला खरा आहे का?’ असं चॅटबॉटलाच विचारलं होतं, आणि चॅटबॉटने हो म्हटलं होतं.

आता डॉक्टर. केईएम किंवा सायनच्या ओपीडीत तासन्‌तास थांबल्यावर डॉक्टरांची मोजकी मिनिटं मिळतात. तिथे जाण्याआधी रिपोर्टमधले शब्द मराठीत समजून घेतले, प्रश्न लिहून नेले, तर फायदाच आहे. पण औषध ठरवणं वेगळं. पावसाळ्यात ताप आला की आपला डॉक्टर विचारतो, ‘साचलेल्या पाण्यातून चालत आलात का?’ कारण मुंबईत त्या उत्तरावर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) संशय ठरतो, आणि लेप्टो टाळण्याचं औषध पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करायला महापालिका सांगते. आपण जे टाइपच केलं नाही, ते चॅटबॉटला कळणार कसं? त्याला डोळ्यांतली पिवळसर झाक दिसत नाही, पोट दाबून बघता येत नाही. अमेरिकेत साठ वर्षांच्या एका गृहस्थाने चॅटबॉटशी सल्लामसलत करून जेवणातल्या मिठाऐवजी तीन महिने सोडियम ब्रोमाइड घेतलं. शेजारी विष घालतोय असं वाटू लागल्याने तो रुग्णालयात गेला, तिथे त्याला भास होऊ लागले आणि भरती राहावं लागलं. २०२५ मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, वकिलाची सनद बार कौन्सिलकडे. सल्ला चुकला तर तक्रार करायला जागा आहे. चॅटबॉटच्या खाली ‘चुका होऊ शकतात’ अशी ओळ छापून कंपनी मोकळी होते, आणि चुकीचं नुकसान वापरणाऱ्याच्या पदरात पडतं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

वकिलाची फी परवडत नाही, ही मेसेजमागची तक्रार मात्र खरी आहे. त्यावर उपायही आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००. भाड्याच्या घराची लीव्ह अँड लायसन्स नोंदवणं ही महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी आहे. असे राज्यागणिक बदलणारे नियम चॅटबॉटने सांगितले तर खात्री करूनच सही करा.

‘कुणाला सांगत नाही’? चॅटजीपीटी हा चॅटबॉट बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की डॉक्टर-वकिलांशी झालेल्या बोलण्याला असतं तसं कायद्याचं संरक्षण चॅटजीपीटीवरच्या बोलण्याला नाही. त्याच सुमारास लोकांनी शेअर केलेल्या काही गप्पा गुगलच्या शोधात दिसू लागल्या आणि कंपनीला गप्पा शोधात दिसू देण्याची सोय काढून टाकावी लागली. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्याच्या आजाराचे कागद तिथे टाकू नका. फुकट म्हणाल, तर मोफत वापराला मर्यादा असते. त्यापुढे वापरायचं तर पैसे मोजावे लागतात.

राहिलं ‘समजून घेतो’. विरार-कल्याणला भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाला रात्री मन मोकळं करावंसं वाटलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण हो ला हो करणं म्हणजे समजून घेणं नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घेतलं, कारण ते वापरणाऱ्याची नको इतकी तळी उचलून धरत होतं. खचलेल्या माणसाच्या अंधाऱ्या विचारालाही असाच दुजोरा मिळाला तर? त्याच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. फोनवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात.