आपलेपणा फक्त पुण्यातच?

'सीमाभागातल्या मराठी तरुणाला आपलं घर पुण्या-मुंबईतच सापडतं' हे सीमाप्रश्नावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. पुण्यात खोली शोधताना आधारकार्डावरचा बेळगावचा पत्ता बघून घरमालक विचारायचे, 'मराठी इतकं चांगलं कसं काय?' १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं, तेव्हापासूनचं सगळं जिन्यात उभं राहून कसं सांगणार!

आता परत येऊन बेळगावातल्या शहापुरात भाड्यानं राहतोय. मालकीणबाई कन्नड. त्यांचा मुलगा गणपतीत आमच्यापेक्षा मोठ्यानं मराठी आरती म्हणतो, आणि माझे कन्नडमधले सरकारी अर्जही तोच भरून देतो (चहावर!). कन्नड फलक, कन्नड कागद यांचा त्रास आहेच, नाही म्हणत नाही. पण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्राच्या सीमाभागावरच्या दाव्यावर एवढं लिहिलंत, शेजाऱ्यांवर एक ओळही नाही?