आमदारांच्या हातातली पेन्सिल

कॅलिफोर्नियाने ४ नोव्हेंबर २०२५ला प्रपोझिशन ५०, म्हणजे मतदारसंघांचा नकाशा डेमोक्रॅट्सच्या फायद्यासाठी बदलायचा प्रस्ताव, मतदानाने मंजूर केला, तेव्हा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. टेक्सासने रिपब्लिकनांसाठी नकाशा बदलला, त्याला असंच उत्तर पाहिजे होतं, जशास तसं वगैरे. लिहिणारे बहुतेक डेमोक्रॅट्सना मत देणारे. मीही देते. पण मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. का, ते सविस्तर लिहायचं केव्हापासून मनात आहे. पोस्ट लांब होणार, सवडीने वाचा.

आधी भारतातल्या मित्रमंडळींसाठी. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, मतदारसंघ नव्याने आखतात. बहुतेक राज्यांत हे काम त्या-त्या राज्याच्या विधिमंडळाकडे असतं. आमदार काँग्रेसचे मतदारसंघ आखतात आणि स्वतःचेही तेच आखतात. ज्याला निवडून यायचंय त्यानेच मतदार निवडायचे.

महापालिकेची प्रभाग रचना ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको. कुठली सोसायटी कुठे टाकली, कुठली वस्ती मधोमध तोडली, प्रभाग तीन सदस्यांचा की चार, मग हरकती-सूचना, मग कोर्ट. मार्च २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून स्वतःकडे घेतले. मुंबईचे २२७ प्रभाग २३६ झाले होते, सरकार बदलल्यावर ते परत २२७वर आले. निदान आपल्या लोकसभा-विधानसभेसाठी वेगळा परिसीमन आयोग असतो. इथे बऱ्याच राज्यांत तेवढंही नाही.

मी फार्मिंग्टन हिल्सला राहते, डेट्रॉइटचं उपनगर. २०२२ पर्यंत आम्ही मिशिगनच्या १४व्या काँग्रेस मतदारसंघात होतो. त्याचा जुना नकाशा एकदा बघाच. सुरुवात ग्रोस पॉइंटच्या तळ्याकाठच्या श्रीमंत बंगल्यांपासून. तिथून डेट्रॉइटचा पूर्व भाग, मग बांगलादेशी आणि येमेनी वस्तीचं हॅमट्रॅमिक, तिथून पश्चिमेला साउथफिल्ड, पुढे आमचं गाव, आणि मग उलटं वळून ईशान्येला पाँटिअॅक. आमचा आणि ग्रोस पॉइंटचा काय संबंध? शाळा वेगळ्या, रस्ते वेगळे, कामधंदे वेगळे, पाणी तुंबण्याच्या तक्रारीसुद्धा वेगळ्या. संबंध एकच, की या पट्ट्यात डेमोक्रॅट मतदार ठासून भरलेले आहेत. ते सगळे एका मतदारसंघात कोंबले की तिथे आमचा उमेदवार ८० टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन निवडून येतो आणि शेजारचे मतदारसंघ रिपब्लिकनांना सोपे होतात. जिंकायला लागतात त्याहून जास्तीची आमची सगळी मतं वाया.

हा नकाशा २०११ मध्ये रिपब्लिकन विधिमंडळाने केला. २०१२च्या निवडणुकीत मिशिगनमध्ये काँग्रेससाठी डेमोक्रॅट्सना एकूण मतं जास्त पडली आणि जागा १४ पैकी ५. पुढे कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा नकाशा करणाऱ्यांचे आपसातले ईमेल बाहेर आले. डेट्रॉइटच्या आसपासचा डेमोक्रॅट 'कचरा' चार मतदारसंघांत कोंबायचा, असं त्यातल्या एकात लिहिलेलं होतं. तो कचरा म्हणजे मी, माझा नवरा, आमची गल्ली. ते वाचून अंगाची लाही झाली होती, आज लिहितानाही होते.

एप्रिल २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाने मिशिगनचे बरेच मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. दोनच महिन्यांनी, २७ जूनला, सुप्रीम कोर्टाने नॉर्थ कॅरोलायना आणि मेरिलँडच्या खटल्यांत ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सांगून टाकलं, की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या नकाशांत फेडरल कोर्टं लक्ष घालणार नाहीत. आमचा निकालही त्यात गेला. मेरिलँडचा नकाशा डेमोक्रॅट्सनी केलेला होता, हेही लक्षात ठेवा. हातात पेन्सिल आली की दोन्ही पक्षांची बोटं सारखीच चालतात.

सुदैवाने मिशिगनचे लोक कोर्टावर विसंबून बसले नव्हते. नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फेही नावाच्या २७ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या होत्या: मला मिशिगनमधलं गेरिमँडरिंग हटवायचंय, कोणी येतंय का बरोबर? गेरिमँडरिंग म्हणजे पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघ असे वेडेवाकडे आखणं. ती ना वकील, ना कुठल्या पक्षाची पुढारी. त्या दोन ओळींमधून हजारो स्वयंसेवक उभे राहिले. घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणायला सुमारे सव्वातीन लाख सह्या लागत होत्या, त्यांनी सव्वाचार लाखांहून जास्त जमवल्या. जत्रेत, फुटबॉलच्या मॅचबाहेर, हायवेवरच्या थांब्यांवर क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिलेली साधी माणसं होती ही. प्रस्ताव रोखायला विरोधक राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेले, तिथे ४ विरुद्ध ३ अशा मतांनी तो वाचला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ६१ टक्के लोकांनी होय म्हटलं. त्यात रिपब्लिकन मतदारही असणारच, त्याशिवाय या राज्यात ६१ टक्के होत नाहीत.

आता आमचे नकाशे १३ नागरिकांचा आयोग करतो: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. पहिल्या वेळी नऊ हजारांहून जास्त अर्ज आले आणि त्यातून चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं निवडली गेली. कुठल्याही पक्षाला अवाजवी फायदा होईल असा नकाशा चालणार नाही, असं आता थेट राज्यघटनेत लिहिलंय.

२०२१ मध्ये आयोगाच्या बैठकांची रेकॉर्डिंग मी पोळ्या करताना लावून ठेवायचे. नवऱ्याला वाटायचं, हिला वेड लागलंय. पडद्यावर नकाशा. एक सदस्य म्हणतो, ही दोन प्रिसिंक्ट (मतदानाचे छोटे विभाग) इकडे घ्या. तंत्रज्ञ क्लिक करतो, रंग बदलतो, बाजूच्या तक्त्यात लोकसंख्येचा आकडा वर जातो. दुसरी म्हणते, अहो, यात या लोकांची वस्ती तुटते. परत क्लिक. तासन्‌तास हेच. अतिशय कंटाळवाणं. पण आधी जे काम बंद खोलीत 'कचरा' म्हणत उरकलं होतं ते डोळ्यांसमोर चाललेलं बघून माझा जीव निवायचा.

निकाल बघा. २०२२ मध्ये काँग्रेसच्या, आता १३ झालेल्या, जागांपैकी ७ डेमोक्रॅट्सना, ६ रिपब्लिकनांना. २०२४ मध्ये वारं फिरलं, तर बरोबर उलटं, ७ रिपब्लिकन आणि ६ डेमोक्रॅट. राज्याच्या खालच्या सभागृहातही २०२२ला डेमोक्रॅट्सचं बहुमत, २०२४ला रिपब्लिकनांचं. २०२४ला माझी बाजू हरली आणि मला वाईट वाटलं. पण हरलो ते मतं कमी पडली म्हणून.

सगळं छान झालं असं मात्र म्हणवत नाही. डेट्रॉइटच्या काळ्या मतदारांवर अन्याय झाला. आयोगाने शहराचे लांबट तुकडे करून ते गोऱ्या उपनगरांना जोडले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने विधिमंडळाचे १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, कारण रेषा मुख्यतः वंश बघून ओढल्या होत्या. ते पुन्हा आखावे लागले. काँग्रेसचा नकाशा त्या निकालात नव्हता, पण तिथेही खदखद आहे. २०२२ला १३व्या मतदारसंघात डेमोक्रॅट्सचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत नऊ जणांत मतं फुटली आणि आपले बेळगावचे श्री ठाणेदार निवडून आले. आपल्या लोकांना आनंद झाला, साहजिक आहे. पण जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदाच डेट्रॉइटमधून एकही काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये नव्हता. ते दुःख खरं आहे आणि मराठी माणूस जिंकला म्हणून आपण त्याकडे पाठ फिरवू नये.

आता टेक्सास-कॅलिफोर्निया. २०२५च्या उन्हाळ्यात ट्रम्प यांनी टेक्सासकडे पाच जादा जागा मागितल्या आणि जनगणना नसताना, दशकाच्या मधेच, टेक्सासने नकाशा बदलला. कोरम, म्हणजे सभागृह चालायला लागणारी किमान हजेरी, मोडायला तिथले डेमोक्रॅट आमदार इलिनॉयला निघून गेले. त्याच इलिनॉयमध्ये डेमोक्रॅट्सनी असा नकाशा करून ठेवलाय की १७ पैकी १४ जागा त्यांच्याकडे, ट्रम्प यांना चाळीस टक्क्यांहून जास्त मतं पडूनही. मग मिझुरी, नॉर्थ कॅरोलायना. आणि कॅलिफोर्नियाने आपल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा दशक संपेपर्यंत बाजूला ठेवला.

ग्रुपवरचा मुद्दा मला कळतो. एकाने नियम मोडायचे आणि दुसऱ्याने पाळत बसायचं, हे किती दिवस? याला माझ्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नाही. पण कॅलिफोर्नियाच्या शेतीभागातला रिपब्लिकन मतदार आता त्याच जागी आहे जिथे मी दहा वर्षं होते. त्याचं मत वाया घालवून माझं मत मला परत मिळत नाही. तोडगा सगळ्या राज्यांना एकदम लागू होणाऱ्या केंद्रीय कायद्यातच आहे आणि तो काँग्रेसने करायचा आहे. तोवर इंडियाना राज्याच्या सिनेटकडे, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाकडे, बघा. वरून प्रचंड दबाव असताना डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या २१ रिपब्लिकन सिनेटरांनी नवा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी पाडायला मदत केली. त्यांच्या बाकी कुठल्याच धोरणाशी माझं पटत नाही, पण त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला.

मिशिगन या शर्यतीत उतरूच शकलं नाही, कारण आमच्या आमदारांच्या हातात पेन्सिल उरलेली नाही.

नोव्हाय, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्समधल्या मराठी मंडळींना एक काम सांगते. पुढच्या आयोगासाठीचे अर्ज जास्तीत जास्त १ जानेवारी २०३० पर्यंत उपलब्ध व्हायला हवेत, तसा नियमच आहे. मिशिगनमध्ये मतदार म्हणून नोंदणी हवी, आणि गेल्या सहा वर्षांत तुम्ही किंवा तुमच्या जवळच्या नातेवाइकाने पक्षीय निवडणूक लढवलेली, पक्षाचं पद भूषवलेलं किंवा लॉबिंग केलेलं नसावं. आपल्यातले शेकडो जण यात बसतात. मी अर्ज भरणार आहे. ज्यांची सिटिझनशिप अजून व्हायची आहे त्यांनी ती आत्ताच मार्गी लावा, कारण त्याशिवाय मतदार यादीत नाव लागत नाही.