'पुढील पान' मेलेलं नाही

जळगाव-धुळ्याकडच्या दुकानदारांत सध्या एक सल्ला फिरतोय: "साइटवरचे १, २, ३ हे पानांचे आकडे आता जुने झाले. सगळा माल एकाच पानावर उलगडत जाऊ द्या, गिऱ्हाइकालाही तेच सोपं. आकडे ठेवायचेच असतील तर सगळ्या पानांचं कॅनॉनिकल (म्हणजे 'मूळ पान हे' असं गूगलला सांगणारी खूण) पहिल्या पानाकडे वळवा, नाहीतर गूगल त्यांना नक्कल समजतं."

आकडे जुने झाले? खुद्द गूगलने आपल्या निकालांत अखंड स्क्रोल आणला, मोबाइलवर २०२१ मध्ये आणि डेस्कटॉपवर २०२२ मध्ये. २०२४ मध्ये तो गुंडाळायलाही घेतला.

गिऱ्हाइकाला सोपं? वेळ घालवायला फोटो बघायचे असतील तर हो. पण ठिबकचा जॉइनर शोधणारा माणूस दोन-तीन नग बघतो, मागे येतो, ताडून पाहतो. मी एका दुकानाच्या साइटवर हौसेने अखंड स्क्रोल लावला होता. बॅक दाबलं की गडी थेट वर, पुन्हा पहिल्या नगापासून सुरुवात! दुकानाचा फोन नंबर तळाला होता. तिथे पोचावं तोच नवा माल यायचा आणि नंबर आणखी खाली सरकायचा. शेवटी रावेरकडचा एक शेतकरी दुकानात येऊनच म्हणाला, "भाऊ, नंबर कोठे शे?"

गूगलची अडचण वेगळीच. त्याचा बॉट, म्हणजे साइटी वाचत फिरणारा प्रोग्राम, स्क्रोल करत नाही, बटणही दाबत नाही. तो लिंक धरून चालतो. खालच्या मालाकडे जाणारी लिंकच नसली आणि साइटमॅपही (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी) नसला, तर तो माल त्याच्या लेखी नाही. 'आणखी दाखवा' बटण खुशाल ठेवा, पण त्यामागे 'पेज=२' असा स्वतंत्र पत्ता असलेली खरी लिंक हवी. पत्त्यात # नंतर लिहिलेला पानाचा आकडा गूगल धरत नाही.

सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग कॅनॉनिकलचा. दुसऱ्या पानावर माल वेगळा, मग ती नक्कल कशी? तुम्हीच तिला नक्कल म्हणालात आणि गूगलने ते मानलं, तर त्या पानावरच्या लिंका दुर्लक्षित राहू शकतात. प्रत्येक पानाचं कॅनॉनिकल त्याचं स्वतःचंच असावं, असं गूगलच सांगतं. मागचं-पुढचं पान दाखवणाऱ्या 'रेल नेक्स्ट-प्रीव्ह' खुणा आपण वापरत नाही, हे त्याने २०१९ मध्ये सांगितलं. पण ते खुणांबद्दल होतं, पानांबद्दल नव्हे. घोळ बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.

माल चाळीसच नगांचा असेल तर पानं पाडूच नका, एका पानात भागतं. आमच्या दुकानदाराकडे सहाशे होते. आकडे परत आणले आणि नंबर वर नेला.